ऊसतोड जोडप्याच्या वंध्यत्वाचं एक प्रकरण : नवऱ्याची तपासणी सहा वर्षं का राहिली

पार्श्वभूमी

मंगल आणि दत्ता ही खरी नावं नाहीत, गाव सांगत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत. बाकी उपचार कोणत्या क्रमानं झाले, रिपोर्टमध्ये काय आलं, कुठं अडलं आणि तेव्हा काय ठरलं ते घडलं तसंच लिहितोय. अशा जोडप्यांसोबत दवाखान्यात जायचं, कागद लावायचे, डॉक्टर काय बोलले ते घरच्यांना परत नीट समजावून सांगायचं हे माझं काम, त्यामुळं अर्ध्या वाटेपासून पुढचं सगळं जवळून बघितलंय.

बीड जिल्हा, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं केज-धारूरकडचं गाव. दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन नि तूर, आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊसतोड. लग्न झालं तेव्हा मंगल एकोणीसची, दत्ता तेवीसचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांचा मिळून एक कोयता झाला, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (कामाआधीच आगाऊ पैसे) घेतली आणि टोळीसोबत कधी सांगलीकडं, कधी कोल्हापूरकडं, एका वर्षी बेळगावकडं. परत यायला मार्च संपतो, कधी एप्रिल. म्हणजे निम्मं वर्ष फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) आणि निम्मं वर्ष गावात.

ही निम्म्या वर्षाची गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे आणि कुठल्याच दवाखान्याच्या कागदावर ती लिहिलेली नव्हती. हंगामात पहाटे चारला फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, गाडी रात्री बाराला आली तर बाराला भरायची. कोपीत शेजारी सासू, दीर, कधी पुतणी झोपलेली. नवरा-बायकोचा संबंध महिनामहिना येत नाही हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांनाही तोपर्यंत कुणी विचारलेलं नव्हतं. वर्षभर काही न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करायची असं वैद्यकशास्त्र सांगतं, बाईचं वय ३५ च्या वर असेल तर सहाच महिने थांबायचं. मंगल-दत्ताची ‘सहा वर्षं’ हिशोब करून बघितली तर खरे प्रयत्नाचे महिने निम्म्याहून कमी निघाले. तरी वर्षाची मर्यादा कधीच ओलांडली होती, म्हणजे तपासणी हवीच होती, पण ‘सहा वर्षं झाली, काहीतरी मोठं बिघडलंय’ ही भीती जी दोघांच्या डोक्यात बसली होती ती तेवढी खरी नव्हती.

दुसऱ्या वर्षापासून दवाखाने सुरू झाले. दर उन्हाळ्यात नवा डॉक्टर, कारण हंगामात उपचार तुटायचा आणि परत आल्यावर कुणीतरी पाहुणा सांगायचा की अमक्याच्या सुनेला तिथं गुण आला. एकानं सोनोग्राफी करून पिशवीला सूज आहे म्हणून सांगितलं आणि पिशवी धुवून घेतली, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं पुन्हा धुतली. तिसऱ्या ठिकाणी बीज फुटायच्या गोळ्या, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, मग एक दिवसाआड सोनोग्राफीला बोलवायचं, एसटीनं येऊन-जाऊन दिवस मोडायचा. चौथ्या ठिकाणी नळ्यांचा एक्स-रे. मधे येरमाळ्याच्या येडाईला नवस झाला, एका बाबाची पुडी झाली. सगळी मिळून बिलं लाखाच्या वर गेली, सगळी उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामात अंगानं फेडायची.

दत्ताची तपासणी? शून्य. एका डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिली होती, दत्ता ‘पुढच्या टायमाला करू’ म्हणाला आणि तो विषय तिथंच राहिला, मंगलच्या गोळ्या मात्र चालूच राहिल्या.

अडचण नेमकी कुठं होती

माझी गाठ पडली ती सहाव्या वर्षी एप्रिलमध्ये. मंगलनं किराणाच्या पिशवीत सगळे कागद आणले होते, पाण्यानं फुगलेले, काही चिठ्ठ्या तंबाखूच्या पुडीसारख्या घडी घातलेल्या. मी आणि आमच्या सिस्टर दोघांनी मिळून ते तारखेप्रमाणं लावले. हे काम कंटाळवाणं आहे पण इथंच निम्मं प्रकरण उलगडलं.

पहिली गोष्ट, मंगलची पाळी कायम अठ्ठावीस-तीस दिवसांनी येत होती. पाळी इतकी नियमित असली की बहुतेक वेळा बीज दर महिन्याला तयार होत असतं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन नॉर्मल. मग बीज फुटायच्या गोळ्या कशासाठी? ज्या बाईची पाळी दोन-दोन महिने येत नाही, पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास) आहे, तिला या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. मंगलला ती अडचणच नव्हती.

दुसरी गोष्ट सिस्टरनं काढून घेतली. पुरुष माणसासमोर ती बोलणार नाही म्हणून मी बाहेर गेलो. दुसऱ्यांदा पिशवी धुतल्यापासून अंगावरचं जाणं कमी झालं होतं. आधी चार दिवस जायचं, आता दीड दिवस, तेही नुसते डाग. तिला वाटलं बरंच झालं, फडात त्रास कमी. जावेची तर सत्ताविसाव्या वर्षीच पिशवी काढलेली, पाळीमुळं कामाचा खाडा पडू नये म्हणून. (२०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची माहिती गोळा केली तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली होती. अशा ठिकाणी पाळी कमी झाली म्हणून कोण तक्रार करणार.) पण गर्भाशय खरवडल्यावर आतला पडदा एकमेकाला चिकटू शकतो आणि मग गर्भ रुजायला जागा राहत नाही. नळ्यांच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर शेवटच्या ओळीत लिहिलेलंही होतं, नळ्या दोन्ही उघड्या, पण गर्भाशयाच्या पोकळीत एका ठिकाणी औषध नीट भरलं नाही. ‘नळ्या उघड्या’ एवढंच वाचून फाईल बंद झाली होती.

तिसरी गोष्ट अर्थात दत्ता. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. आणि वीर्य तपासणी ही सगळ्या तपासण्यांत स्वस्त, ना सुई ना भूल. तरी ती शेवटी होते. दत्ताचं म्हणणं सरळ होतं, ‘‘सर, आपल्यात काय कमी नाही, सगळं बरोबर चालतंय. मग मी कशाला तपासू?’’ त्याला मी एवढंच सांगितलं की संबंध नीट येणं आणि वीर्यात शुक्राणू पुरेसे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वीर्य डोळ्याला जसंच्या तसं दिसतं आणि आत काउंट शून्य असू शकतो, ते मायक्रोस्कोपखालीच कळतं. तो गप्प बसला. मग त्यानं जे विचारलं ते मला महत्त्वाचं वाटतं, ‘‘रिपोर्ट घरी कळवायलेत का?’’ नाही म्हणालो, रिपोर्ट तुमच्या हातात मिळेल, कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. तेव्हा तो तयार झाला. म्हणजे नकार तपासणीला नव्हता, गावात काय होईल याला होता.

लॅबचा दिवस मुद्दाम सविस्तर लिहितोय. तपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध नको, वीर्य सगळंच्या सगळं डबीत यायला हवं, पहिला थेंब सांडला तर सांगायचं कारण पहिल्या भागातच शुक्राणू जास्त असतात, आणि नमुना तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. गावातून एसटीनं दीड तास लागतो, म्हणून घरून आणणं बाद, लॅबमध्येच द्यायचा. लॅब म्हणजे दुकानाचा गाळा, मागं एकच संडास, कडी अर्धी तुटलेली, बाहेर रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग आणि कुणीतरी दर दोन मिनिटाला दार वाजवतोय. दत्ता वीस मिनिटांनी रिकामी डबी घेऊन बाहेर आला, मान खाली. काउंटरवरचा पोरगा मोठ्यानं ‘‘नाय झालं का?’’ म्हणाला. त्या दिवशी तो गावाकडं निघून गेला असता तर हे प्रकरण तिथंच संपलं असतं. आम्ही चहा प्यालो, शहरातल्या दुसऱ्या लॅबला गेलो जिथं वेगळी खोली होती, तिथं झालं. ज्यांना तिथंही जमत नाही त्यांच्यासाठी नमुना गोळा करायचा खास कंडोम मिळतो, साधा कंडोम चालत नाही कारण त्यातल्या औषधानं शुक्राणू मरतात.

रिपोर्ट : वीर्य २.२ मिली, काउंट मिलीला ६ मिलियन, पुढं धावणारे शुक्राणू १२ टक्के. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणं खालची मर्यादा १६ मिलियन, म्हणजे एक कोटी साठ लाख, आणि पुढं धावणारे ३० टक्के. एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नसतो, ताप येऊन गेला असला तरी दोन-तीन महिने काउंट पडलेला राहतो, म्हणून महिन्याभरानं परत केला. ७ मिलियन, १४ टक्के. म्हणजे खरंच कमी.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जननं त्याला उभं करून तपासलं, जोर लावायला सांगितला तर डाव्या बाजूच्या शिरा नुसत्या डोळ्याला दिसत होत्या. व्हेरिकोसील, ग्रेड तीन. अंडकोषातून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगतात, रक्त साचतं, तिथलं तापमान वाढतं आणि शुक्राणू तयार व्हायच्या कामात बिघाड होतो. संध्याकाळी गाडी भरून झाली की डाव्या बाजूला जड वाटायचं हे दत्तानं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, त्याला ते कामाचं दुखणं वाटत होतं. लहानपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का, अंडकोष जन्मापासून खाली उतरलेले होते का, जिममधली किंवा ताकदीची इंजेक्शनं घेतली का, हे सगळं विचारून झालं, नव्हतं. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही शुक्राणू तयार व्हायला लागणारी हार्मोन नॉर्मल. काउंट ५ मिलियनच्या खाली असता तर गुणसूत्रांची तपासणीही लागली असती, ती लागली नाही. तंबाखू मात्र दिवसाला दोन पुड्या, आणि सोयाबीनवर फवारणी उघड्या अंगानं.

समोर असलेले पर्याय

दोघांना एका बाकावर बसवून डॉक्टरांनी पर्याय सांगितले, आणि या बैठकीला सासू नव्हती हे बरं झालं. आधी दोघांना कळलं, मग घरच्यांना किती सांगायचं ते दोघांनी ठरवलं.

लगेच आययूआय करायचं, म्हणजे वीर्य धुवून चांगले शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडायचे. खर्च कमी, पण दत्ताचा हिशोब केला तर एका नमुन्यात पुढं धावणारे शुक्राणू जेमतेम वीस लाख, निदान पन्नास लाख तरी असावेत असं बहुतेक डॉक्टर धरतात. वर मंगलच्या गर्भाशयात चिकटलेलं असण्याची शंका. पैसे वाया जायची शक्यता जास्त.

इक्सी, म्हणजे टेस्ट ट्यूबमधलाच प्रकार, एकेका बीजांडात एकेक शुक्राणू सुईनं सोडायचा. एवढ्या काउंटला हे तांत्रिकदृष्ट्या चालतं. लातूरच्या एका खासगी सेंटरनं दीड लाख सांगितले, इंजेक्शनं वेगळी. तरुण बाईतही एका खेपेला यश निम्म्याहून कमी वेळा येतं. दत्ताचा पहिला कौल याला होता, ‘‘एकदाच काय ते होऊन जाऊ द्या, उचल वाढवून घेतो.’’ उचल वाढवून म्हणजे पुढचे दोन हंगाम बांधून घ्यायचे, आणि जमलं नाही तर पैसेही गेले आणि दोन वर्षंही. मंगलचं वय पंचवीस होतं. वय अडतीस असतं तर मीही इक्सीकडं झुकलो असतो कारण तिथं थांबायला वेळच नसतो, पण पंचवीसला हातात वेळ होता.

त्याच भागातल्या एका एजंटनं दत्ताला बाजूला घेऊन ‘बाहेरचं बीज वापरू, बायकोला सांगायचं पण काम नाही’ असं सुचवलं होतं. हे साफ बेकायदा. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा उपचारांच्या) कायद्याप्रमाणं दात्याचं वीर्य नोंदणी असलेल्या बँकेतूनच घ्यावं लागतं आणि नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते. उघडपणे, दोघांनी ठरवून दाता घेणं हा मानाचा पर्याय आहे, ज्याचा काउंट शून्य आहे आणि अंडकोषातूनही शुक्राणू मिळत नाहीत त्यांच्यासाठी तर मोठाच, पण दत्ताला त्याची गरज नव्हती.

व्हेरिकोसीलचं ऑपरेशन. सरकारीत खर्च नावापुरता. दहातल्या साधारण सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो, लेकरू त्याहून कमी जणांना होतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शिरा फुगलेल्या असून लेकरंबाळं असलेले पुरुष भरपूर आहेत, सगळ्या पुरुषांत सुमारे १५ टक्क्यांत हे सापडतं, म्हणून दिसलं की काप असं नाही. पण शिरा हाताला लागतात, काउंट कमी आहे, बायको तरुण आहे, हे तिन्ही जुळत असेल तर करण्यात अर्थ आहे. अडचण एकच, वेळ. शुक्राणू तयार व्हायला सत्तर-बहात्तर दिवस लागतात, म्हणून फरक दिसायला तीन महिने, पूर्ण दिसायला सहा. जूनमध्ये ऑपरेशन केलं तर निकाल नेमका हंगामात.

आणि घरात तिसराच पर्याय शिजत होता, सवत. सासू उघड बोलत नव्हती, पण मंगलच्या माहेरी निरोप गेला होता. पहिली बायको असताना दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून गुन्हा आहे हे मी सांगितलं, पण खरा परिणाम दत्ताच्या बोलण्यानं झाला. त्यानं घरी पूर्ण रिपोर्ट वाचून दाखवला नाही, एवढंच म्हणाला, ‘‘माय, कमी माझ्यात हाय. दुसरी आणली तरी लेकरू व्हनार नाही.’’ सासू त्यानंतर त्या विषयावर बोलली नाही.

काय केलं

दोघांचं सोबत चालवायचं ठरलं.

मंगलची दुर्बिणीतून तपासणी जूनमध्ये झाली. गर्भाशयात दोन ठिकाणी पातळ चिकटपट्टे निघाले, तिथल्या तिथं सोडवले, नंतर काही आठवडे हार्मोनच्या गोळ्या. आतल्या पडद्याचा तुकडा टीबीसाठी पाठवला. मंगलच्या आईला पूर्वी टीबी झालेला, आणि आपल्याकडं गर्भाशय-नळ्यांचा टीबी हे वंध्यत्वाचं नेहमीचं कारण आहे, खोकला-ताप काहीही नसताना. इथंही निर्णय अडला होता, कारण आधीच्या एका खासगी डॉक्टरनं नुसत्या पीसीआरवर (जंतूचा डीएनए शोधायची तपासणी) पॉझिटिव्ह सांगून सहा महिन्यांचा कोर्स सुरू करा म्हटलं होतं. पीसीआर मेलेल्या जंतूनंही पॉझिटिव्ह येऊ शकतं. सीबीनॅट ही टीबीची दुसरी तपासणी निगेटिव्ह, तुकड्याच्या तपासणीतही टीबीची खूण नाही, दुर्बिणीत तसं काही दिसलं नाही, म्हणून औषधी दिली नाहीत. खरा टीबी निघाला असता तर सरकारी कार्यक्रमात औषधी फुकट मिळाल्या असत्या आणि कोर्स पुरा होईपर्यंत बाकी उपचार थांबवावे लागले असते. पुढच्याच पाळीला अंगावरून तीन दिवस गेलं.

दत्ताचं ऑपरेशन जूनच्याच शेवटी. दोन दिवस दवाखान्यात, दीड महिना जड उचलायचं नाही. तंबाखू त्यानं एकदम नाही सोडली, आधी एक पुडी झाली, मग पोळ्यापर्यंत सुटली. फवारणीला पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, नंतर अंघोळ.

सगळ्यात अवघड निर्णय वैद्यकीय नव्हता, उचलीचा होता. मुकादमाची मागची बाकी डोक्यावर, आणि तो ऑगस्टमध्येच दारात आला. जोडी आली नाही तर बाकी टाक म्हणाला. दत्ता म्हणाला मी एकटा अर्धा कोयता म्हणून जातो. तसं केलं असतं तर ऑपरेशन होऊन मोळ्या उचलायच्या आणि नेमक्या सुधारलेल्या महिन्यांत नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या. शेवटी धाकटा दीर नि त्याची बायको यांनी ती बाकी आपल्या उचलीत धरून घेतली, दत्तानं बदल्यात त्यांच्या दोन पोरांना वर्षभर घरी सांभाळायचं कबूल केलं, आणि गावातल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. बचत गटाचं थोडं कर्ज घेतलं. सगळ्या घरात असा दीर नसतो, आणि नसेल तर हे प्रकरण इथून पुढं असं चाललं नसतं, हे मनापासून मान्य करावं लागतं.

पाळीच्या दहाव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध, एवढं सांगितलं. बीजांड फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणून फुटायच्या आधीचे दिवस मोलाचे. मंगलनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. फॉलिक अॅसिडची गोळी रोज.

निकाल

सप्टेंबरचा रिपोर्ट : १२ मिलियन, २४ टक्के. डिसेंबरचा : २१ मिलियन, ३३ टक्के.

दिवस गेले नव्हते. जानेवारीत मेडिकल कॉलेजमध्येच आययूआय केलं, पाळी आली. फेब्रुवारीत दुसरं, आणि मार्चमध्ये तपासणी पॉझिटिव्ह. घरात पेढे वाटायची घाई झाली होती, मंगलनंच अडवलं. सातव्या आठवड्यात डाग दिसले, सोनोग्राफीत ठोके नव्हते.

इथं एक निर्णय असा झाला की ज्यानं पुढचं सगळं वाचलं असं मला वाटतं. तालुक्याच्या दवाखान्यात लगेच पिशवी साफ करायची तयारी झाली होती. मंगल स्वतः म्हणाली, ‘‘माझी पिशवी आधी दोनदा धुतलीय, त्यानं चिकटली होती, मोठ्या डॉक्टरला फोन लावा.’’ फोनवर ठरलं की रक्तस्राव बेताचा आहे, ताप नाही, तर खरवडायचं नाही, गोळ्यांनी होऊ द्यायचं आणि नंतर सोनोग्राफीत बघायचं. तसंच झालं, गोळ्यांवर पूर्ण झालं. रक्तस्राव जास्त असता किंवा जंतुसंसर्ग असता तर साफ करावंच लागलं असतं, तेव्हा थांबणं धोक्याचं. पण दर वेळेस साफ करावंच लागतं असं नाही, आणि हे ती बाई आता स्वतः सांगू शकत होती.

त्यानंतर दोघं महिनाभर कुणाशी बोलत नव्हते. मी गेलो की दत्ता ट्रॅक्टरचं बोलायचा. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांत निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तिच्या कामानं, वाकण्यानं, जिन्यानं काही झालेलं नसतं, हे सिस्टरनं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिसरं आययूआय करायला ते आले नाहीत. ‘‘थोडं थांबूद्या,’’ एवढंच. आम्ही जोर केला नाही.

ऑगस्टमध्ये पाळी चुकली, कुठल्याही उपचाराशिवाय. गर्भाशय आधी चिकटलेलं असल्यामुळं वार खोल रुजून बाळंतपणात रक्त जास्त जायचा धोका राहतो, म्हणून सोनोग्राफीत वार कुठं आहे ते मुद्दाम बघितलं आणि बाळंतपण जिथं रक्तपेढी आहे तिथंच करायचं हे आधीच ठरवलं. मेमध्ये मुलगी झाली, अडीच किलोच्या वर, नॉर्मल बाळंतपण. वार पडायला वेळ लागला, एक पिशवी रक्त लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

दत्ताची तपासणी पहिल्या उन्हाळ्यात झाली असती तर पिशवी एकदाही धुवावी लागली नसती, हे उघड आहे. पण नुसतं ‘नवऱ्यानं तपासणी करावी’ म्हणून भागत नाही. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली होती, आणि नवऱ्याचा रिपोर्ट येईपर्यंत बायकोच्या गोळ्या सुरूच करायच्या नाहीत असा नियम त्या दवाखान्यात असता तर दत्तानं केली असती असं मला वाटतं, कारण बायकोसाठी तो सगळं करत होता, फक्त स्वतःचं सोडून. जोडपं आलं की दोघांची तपासणी एकाच दिवशी, एकाच कागदावर, असं लिहिलं तर नवऱ्यालाही तो आरोप वाटत नाही.

पिशवी धुणं हा वंध्यत्वावरचा उपचार नाही. तपासणीसाठी तुकडा घ्यायचा असेल तर तो बारीक नळीनं बाह्यरुग्ण खोलीतही घेता येतो. कुणी धुवायला सांगितलं तर कशासाठी, तुकडा कुठं पाठवणार, हे दोन प्रश्न विचारायलाच पाहिजेत, आणि नंतर पाळी कमी झाली तर तोंड बंद ठेवू नये.

उपचाराचं वेळापत्रक हंगाम बघून करायला हवं. परत आल्यावर एप्रिलमध्येच दोघांच्या मूळ तपासण्या आटपायच्या, ऑपरेशन लागणार असेल तर मे-जूनमध्ये, म्हणजे निकाल यायच्या आत निदान तीन महिने गावात मिळतात. आमच्या प्रकरणात दुसऱ्या वीर्य तपासणीनंतर सर्जनची तारीख मिळायला बराच वेळ गेला, तो महिना वाचला असता. आणि जायचंच असेल तर मंगलसारखी पिशवीभर कागदं नको, एका पानावर सगळं लिहून सोबत द्यावं, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवता येतं.

गर्भपातानंतर आम्ही मंगलसोबत भरपूर बोललो, दत्तासोबत कमी. त्याच्यासाठी पुरुष समुपदेशक, निदान दोन-चार बैठका, ठरवून ठेवायला हव्या होत्या.

आणि लॅब. वीर्य तपासणीला महागडी मशीन लागत नाही, मायक्रोस्कोप आणि मोजायची खास काच लागते, टेक्निशियनला शिकवावं लागतं. मायक्रोस्कोप ग्रामीण रुग्णालयात असतोच. नसते ती आतून कडी लागणारी एक खोली, जिथं बाहेर रांग नाही आणि कुणी दार वाजवत नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, जिथून कोयते बाहेर पडतात त्या प्रत्येक तालुक्याला एप्रिल ते जून या तीन महिन्यांत आठवड्यातून एक दिवस जरी अशी खोली आणि शिकलेला टेक्निशियन मिळाला, तर पुढच्या दत्ताला रिकामी डबी घेऊन दुसऱ्या लॅबला जावं लागणार नाही.